माशी पंख का नाचवते?

पावसाने उघडीप दिली आणि तुरीला भरघोस पाने फुटली, की सकाळच्या उन्हात एखाद्या पानावर चार-पाच मिलिमीटर लांबीची काळसर माशी फिरताना दिसते. तिच्या काचेसारख्या पंखांवर आडवे काळे पट्टे असतात. ती चार पावले चालते, थांबते, एक पंख बाजूला फाकवून मिटते, मग दुसरा. पुन्हा चालू लागते. उडायचे असते तर केव्हाच उडाली असती. पण पंखांचा हा खेळ पाय पानावर ठेवूनच चालतो. शेतकऱ्याचे तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही, कारण पान, फूल, शेंग यांचे तिच्यामुळे काहीच बिघडत नाही. बिघडते ते जमिनीखाली. तिच्या अळ्या तुरीच्या मुळांवरच्या नत्राच्या गाठी आतून पोखरून खातात. रिव्हेलिया अँग्युलाटा हे तिचे शास्त्रीय नाव. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे असलेल्या इक्रिसॅट या संस्थेत १९८०च्या दशकात तिच्यावर काम झाले, आणि हलक्या तांबड्या जमिनीपेक्षा भारी काळ्या जमिनीत गाठींचे नुकसान जास्त होते, असे आढळले. म्हणजे मराठवाड्या-विदर्भातली तूर तिच्या सोयीची.

असे पंख नाचवणारी ही एकटीच नव्हे. शेणावर, कुजक्या लाकडावर, कारल्याच्या वेलावर, करडईच्या बोंडावर, बोरीच्या झाडावर वेगवेगळ्या कुळांतल्या माश्या हाच उद्योग करत असतात. त्या हौसेने बघाव्यात अशाच आहेत. मात्र बघणे आणि ओळखणे या दोन कामांना दोन वेगळ्या नजरा लागतात. पंखांची हालचाल माशी आपल्या नजरेस आणून देते, पंखावरची नक्षी आपल्याला तिथे खिळवून ठेवते. तिचे कूळ कोणते हे विचारले, तर उत्तर नक्षीत नसून बहुतेक वेळा पंखाच्या एखाद्या बारीक शिरेत असते.

माशीला पंख दोनच. मागच्या जोडीच्या जागी गाठीच्या टोकाच्या दोन बारीक दांड्या उरल्या आहेत. उडताना त्या पंखांच्याच तालात हलतात आणि शरीर कुठे कलंडते आहे याची जाणीव माशीला देतात. पुढचे दोन पंख उडण्यासाठी. पण माशी चालत असते तेव्हा ते रिकामेच. या रिकाम्या पंखांचा निशाणासारखा वापर माश्यांच्या कितीतरी कुळांनी केला आहे. काही माश्या एकाआड एक पंख उघडतात, काही दोन्ही एकदम कात्रीसारखे चालवतात. सर्वांत देखणी तऱ्हा म्हणजे पंख बाजूला ताणून असा पिळायचा, की त्याची पुढची कड वर येते आणि अख्खा पंख अंगाशी काटकोनात उभा राहतो. नक्षी असलेल्या पंखाचा सगळा पसारा त्या क्षणी समोरच्याला दिसतो.

समोरचा कोण, हा खरा प्रश्न. १९८७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन शोधनिबंध छापून आले, आणि त्या दोन्हींनी याचे एकच उत्तर दिले: उड्या मारणारा कोळी. आपल्या घरांच्या भिंतींवर जाळे न विणता फिरणारा, टपोऱ्या पुढच्या डोळ्यांचा, माशीवर मांजरासारखी झेप घेणारा छोटा कोळी सगळ्यांच्या पाहण्यातला आहे. त्याची नजर कीटकभक्षकांत अव्वल. आपल्या हद्दीत दुसरा कोळी आला, की तो पुढचे पाय वर उचलून हलवतो. दुसराही तसेच करतो. आणि पुष्कळदा मारामारी न होता एकजण मागे सरतो. पट्टेदार पंख उभारून डोलणारी माशी या कोळ्याला पाय उगारलेल्या दुसऱ्या कोळ्यासारखी दिसते, असा या संशोधकांचा दावा होता.

दावा करणे सोपे असते. एरिक ग्रीन आणि त्यांच्या दोघा सहकाऱ्यांनी तो ज्या रीतीने तपासला, ती रीत मला फार आवडते. त्यांची माशी होती झोनोसेमाटा व्हिटिजेरा, अमेरिकेच्या नैऋत्येकडील कोरड्या प्रदेशात एका रानवांग्याच्या जातीवर राहणारी. त्यांनी या माशीचे पंख कापले आणि त्यांच्या जागी घरमाशीचे साधे पंख गोंदाने चिकटवले. घरमाशीला झोनोसेमाटाचे पट्टेदार पंख दिले. आता एका माशीकडे डोलण्याची सवय होती पण पट्टे नव्हते. दुसरीकडे पट्टे होते, पण डोलण्याची अक्कल नव्हती. कोणी म्हणेल, कापाकापी आणि गोंद यांमुळेच माशीचे वागणे बदलले असेल. म्हणून काही झोनोसेमाटांचे पंख कापून त्यांचे त्यांनाच परत चिकटवले. शिवाय काही माश्यांना हातच लावला नाही. मग सगळ्यांना कोळ्यांसमोर सोडले. पट्टे आणि डोलणे दोन्ही जिच्याजवळ होते, तिच्यासमोर कोळी थबकला, त्याने स्वतःचे पाय हलवून दाखवले किंवा माघार घेतली. परत चिकटवलेल्या पंखांनीही हे काम केले. एक गोष्ट असून दुसरी नसली, तर मात्र कोळ्याने झडप घातली.

निबंधातला याहून महत्त्वाचा भाग पुढे आहे. हेच सोंग त्यांनी इतर शिकाऱ्यांसमोर लावून पाहिले: प्रार्थनाकीटक, शिकारी ढेकूण, सरडे, दुसऱ्या कुळातले कोळी. कोणीही फसले नाही. म्हणजे ही धमकी सरसकट नव्हती. ती एकाच शत्रूच्या भाषेत होती. त्याच अंकातल्या दुसऱ्या निबंधात मोनिका मेथर आणि बर्नार्ड रॉइटबर्ग यांनी ऱ्हॅगोलेटिस झेफिरिया या माशीच्या बाबतीत याच निष्कर्षाला पुष्टी दिली.

याच्या तुलनेत इंटरनेटवर जास्त गाजलेले चित्र आहे ते गोनियुरेलिया ट्रायडेन्सचे. आखाती प्रदेशातल्या या माशीच्या दोन्ही पंखांवर एकेक मुंगी काढल्यासारखी दिसते: डोके, छाती, पोट, सहा पाय, स्पर्शिकाही. सुमारे दहा-बारा वर्षांपूर्वी हे छायाचित्र जगभर फिरले, आणि ‘पंखावर मुंग्या घेऊन फिरणारी माशी’ म्हणून अजूनही ते अधूनमधून आपल्या फोनवर येते. मुंगी दिसते हे कबूल. पण ती आपल्याला, पंख मोठा करून, स्थिर छायाचित्रात दिसते. ज्याच्यासाठी ही नक्षी घडली असेल त्याला, हलत्या पंखावर, कोळ्याच्या किंवा दुसऱ्या माशीच्या उंचीवरून काय दिसते, हे गोंद आणि कात्री हातात घेऊन कोणी विचारेपर्यंत त्या मुंगीला मुंगी म्हणायची घाई मला करवत नाही.

शत्रू हा एकच प्रेक्षक असतो असेही नाही. आंब्यावरच्या फळमाशीचे, बॅक्ट्रोसेरा डॉर्सेलिसचे, नर दिवस मावळताना पानांवर जमतात आणि पंख इतक्या वेगाने फडफडवतात, की ते पोटावरच्या राठ केसांच्या एका रांगेवर घासून बारीक आवाज निघतो. त्याच वेळी नराच्या अंगातला गंध हवेत पसरतो. या माशीच्या पंखावर दाखवण्यासारखी नक्षी फारशी नाही; तिचे पंख वारा आणि वाद्य म्हणून कामी येतात. मादीही जेवताना, एकटी चालताना पंख हलवते. एका हालचालीला एकच अर्थ असला पाहिजे, हा हट्ट निरीक्षकाने सोडलेला बरा.

आता ओळखण्याकडे. माशी कुठे बसली आहे, इथून सुरुवात केली तर अर्धे काम होते. ताज्या शेणाच्या पोवर मुंगीएवढ्या, मुंगीसारख्याच बारीक कमरेच्या, चकचकीत काळ्या माश्या चालता चालता एकाआड एक पंख झुलवत असतील आणि प्रत्येक पंखाच्या टोकाला एक काळा ठिपका असेल, तर ते बहुधा सेप्सिड कूळ. गोठा जवळ असेल तर पंख नाचवणारी माशी बघायला यापेक्षा सोपी जागा नाही, फक्त नाकाची तयारी हवी. नक्षीदार पंख घेऊन पानांवर भटकणारी, फळाशी काही देणेघेणे नसलेली माशी पुष्कळदा प्लॅटिस्टोमॅटिड कुळातली निघते. तुरीवरची रिव्हेलिया त्यातलीच. तिसरे कूळ युलिडिइडी. त्यातली सर्वांत नखरेल माशी उत्तर अमेरिकेतली कॅलोपिस्ट्रोमिया अॅन्युलिपिस. लाकडी कठड्यावर किंवा पडलेल्या ओंडक्यावर ती दोन्ही पंख पाठीवर उभे करून मोराच्या पिसाऱ्यासारखे मिरवते, आणि तिकडे तिला मोरमाशी याच अर्थाच्या नावाने ओळखतात. अलीकडे ती युरोपातही पोहोचली आहे. तिथे किंवा अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकाला ती अंगणातच भेटू शकते.

आणि चौथे, सर्वांत मोठे व आपल्या पोटापाण्याशी थेट जोडलेले कूळ टेफ्रिटिडी, म्हणजे खऱ्या फळमाश्या. जगात त्यांच्या सुमारे पाच हजार जाती ज्ञात आहेत. पिकल्या केळ्यांवर घिरट्या घालणारी, लाल डोळ्यांची, प्रयोगशाळेत प्रसिद्ध झालेली इवलीशी माशी यांच्यात येत नाही. तिला आंबायला लागलेले फळ हवे असते. टेफ्रिटिड मादी झाडावरच्या चांगल्या फळात अंडनलिका खुपसते.

इथे ती शीर कामाला येते. माशीच्या पंखाची पुढची कड एका जाड शिरेने बांधलेली असते. तिला कोस्टा म्हणतात. तिच्या लगेच खाली एक नाजूक शीर निघते, सबकोस्टा. बहुतेक माश्यांत ती हळूच वळत कडेला जाऊन मिळते. टेफ्रिटिड माशीत मात्र ती मध्येच काटकोनात वर वळते आणि त्या वळणापुढे इतकी पुसट होते, की कडेला पोहोचली की नाही हेही दिसू नये. त्याच ठिकाणी कोस्टा तुटल्यासारखी दिसते. नक्षी कितीही फसवी असो, हे वळण आणि ही खूण दिसली की कूळ ठरले म्हणायला हरकत नाही. प्लॅटिस्टोमॅटिड माशीच्या कोस्टात अशी खूण नसते, आणि युलिडिइडीत सबकोस्टा सरळपणे कडेला भिडते. दुसरा आधार मादीचा. टेफ्रिटिड मादीच्या पोटाच्या टोकाला अंडनलिकेचे कडक आवरण कायम बाहेर असते, आत ओढून घेता येत नाही. नांगी समजून लोक तिला घाबरतात. ती चावतही नाही आणि डसतही नाही.

कूळ कळल्यावर नक्षीचा मान तिला परत द्यावा, कारण जातींमध्ये फरक करायला ती उपयोगी पडते. कारले, दोडका, काकडी, पडवळ यांवरची झ्युगोडेकस कुकरबिटी: पंखाच्या पुढच्या कडेने तपकिरी पट्टा, तो टोकाशी रुंद होतो, आणि पंखाच्या मागच्या भागातल्या आडव्या शिरेवर आणखी एक गडद डाग. पाठीवर मधोमध पिवळी रेघ. आंब्यावरची डॉर्सेलिस: कडेचा पट्टा अरुंद, बाकी पंख स्वच्छ, पोटावर इंग्रजी टी अक्षरासारखी काळी खूण. पेरूवर हमखास येणारी बॅक्ट्रोसेरा झोनाटा तांबूस असते आणि तिच्या पंखाचा पट्टा तुटून टोकाला फक्त एक ठिपका उरलेला असतो. बोरीवरची कार्पोमिया व्हेसुव्हियाना या तिघींहून निराळी: पिवळट पंख, त्यांवर आडवे पट्टे आणि पाठीवर काळे ठिपके. बोर फोडल्यावर आत सापडणारी, डोके आणि पाय नसलेली पांढरी अळी तिचीच असण्याचा संभव मोठा. सोलापूर-मराठवाड्याकडच्या करडईच्या बोंडात अॅकॅन्थिओफिलस हेलिअँथी राहते. राखाडी अंगाची, पंखांवर फिकट ठिपक्यांचे शिंतोडे असलेली. भारतातल्या या माश्यांची पहिली मोठी शास्त्रीय मांडणी इटलीच्या मारिओ बेझी यांनी कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधल्या संग्रहावरून १९१३ मध्ये प्रसिद्ध केली.

नक्षीची सत्ता कुठे संपते, याचा एक धडा आफ्रिकेने दिला. २००३ मध्ये केनियात डॉर्सेलिससारखीच पण थोडी वेगळी माशी सापडली. २००५ मध्ये तिला बॅक्ट्रोसेरा इन्व्हेडन्स हे नवे नाव मिळाले, आणि तिच्या भीतीने व्यापाराचे नियम बदलले. पुढे अनेक देशांतल्या तज्ज्ञांनी तिचे रूप, संकर, गंध, जनुके सगळे ताडून पाहिले आणि २०१५ मध्ये जाहीर केले, की ती डॉर्सेलिसच आहे. फिलिपिन्स आणि आग्नेय आशियातल्या आणखी दोन ‘जाती’ही याच ओघात तिच्यात विलीन झाल्या. डॉर्सेलिसच्या जवळच्या जाती फोटोवरून छातीठोकपणे सांगणाऱ्यांबद्दल म्हणूनच मला शंका वाटते.

ही ओळख नुसत्या हौसेपुरती नाही. बिहारमधल्या पुसा येथील कृषी संशोधन संस्थेत काम करणाऱ्या फ्रँक मिलबर्न हॉवलेट यांनी १९१२ मध्ये नोंदवले, की सिट्रोनेला तेलाकडे फळमाश्यांचे नर ओढले जातात. १९१५ मध्ये त्यांनी मिथाईल युजेनॉल हे त्या ओढीमागचे द्रव्य दाखवून दिले. हेच द्रव्य आपल्या तुळशीत असते, कुठल्या वाणात कमी, कुठल्यात जास्त. कुस्करलेल्या पानांवर नर येऊन बसतात. नर ते चाटतो, अंगात त्याचे रूपांतर करतो आणि संध्याकाळच्या त्या फडफडीत मादीसाठीचा गंध म्हणून सोडतो. १९६०च्या दशकात प्रशांत महासागरातल्या रोटा बेटावर मिथाईल युजेनॉल आणि कीटकनाशक यांत भिजवलेले तुकडे विमानातून टाकून तिथली डॉर्सेलिस समूळ संपवण्यात आली. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या ‘रक्षक’ सापळ्यामागे हेच रसायन आहे. फक्त हा गंध डॉर्सेलिस आणि झोनाटा यांना चालतो. कारल्यावरच्या माशीला क्यूल्युअर नावाचे निराळे आमिष लागते. आंब्याचा सापळा काकडीच्या मांडवात टांगला तर तो रिकामा राहतो आणि दोष सापळ्याला मिळतो. शिवाय दोन्ही सापळ्यांत येतात ते नर. बागेत किंवा शेजारच्या बागेत बाकी राहिलेल्या एखाद्या नराशीही मादीचा संग झाला, तर अंडी पडणारच. म्हणून गावातल्या एकाच बागेत सापळे लावून फारसे साधत नाही. हापूसची निर्यात करणाऱ्यांना तर फळमाशीचे मोल चांगलेच माहीत आहे. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंबा बंद केला, तो परदेशी फळमाश्या तिकडे पोहोचू नयेत म्हणूनच. २०१५च्या सुरुवातीला बंदी उठली. तिकडे जाणारा आंबा ४८ अंश सेल्सिअस पाण्यात तासभर ठेवण्याची प्रक्रिया रूढ झाली.

माणसाने हाताने आणलेली टेफ्रिटिडही आहे. रानमोडीच्या तणाने पश्चिम घाट आणि कोकणातले डोंगर व्यापले, तेव्हा इंडोनेशियामार्गे सेसिडोकेअरस कनेक्सा ही पट्टेदार पंखांची माशी मागवली गेली आणि २००५ मध्ये बंगळुरूत सोडली. तिची अळी रानमोडीच्या खोडात गाठ करून राहते. रानमोडीच्या कोवळ्या फांदीवर फुगवटा दिसला, तर तो फोडण्याआधी जवळपास पंख हलवणारी माशी आहे का ते बघावे.

निरीक्षणासाठी महागडे काही लागत नाही. फोनच्या कॅमेऱ्यावर लावायचे साधे भिंग आणि मंद गतीचे चित्रीकरण पुरते. माशीच्या मागून, हळू, सावली तिच्यावर न पाडता पुढे सरकावे. पंख उभा असताना बाजूने एक छायाचित्र घ्यावे, म्हणजे शिरा दिसतात. मिटलेला असताना वरून दुसरे घ्यावे, म्हणजे पाठीवरच्या रेघा दिसतात. जमल्यास चेहऱ्याचे तिसरे, कारण चेहऱ्यावरचे काळे डाग वेगवेगळे आहेत की जोडलेले, यावरून पेरूवरचीच दुसरी माशी बॅक्ट्रोसेरा करेक्टा आणि झोनाटा यांतला फरक कळतो. वनस्पतीचे नाव विसरू नये. अनेक फळमाश्या एकाच कुळातल्या झाडांना चिकटून राहतात, आणि वनस्पतीचे नाव नसेल तर छायाचित्राची निम्मी किंमत जाते.

त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे माशी घरीच वाढवणे. किडका पेरू किंवा झाडाखाली पडलेला आंबा घ्यावा. बरणीच्या तळाशी तीन-चार बोटे ओलसर वाळू पसरून त्यावर तो ठेवावा आणि तोंडाला मलमल बांधावी. अळी पूर्ण वाढली की फळातून बाहेर येते, अंगाची कमान करून टुणकन उडी मारते आणि वाळूत शिरून कोष करते. उन्हाळ्यात साधारण आठवडा-दहा दिवसांत माश्या निघतात. त्यांना लगेच तपासायला घेऊ नये. नुकतीच निघालेली माशी फिकट आणि मऊ असते. साखरपाण्याच्या बोळ्यावर दोन-चार दिवस जगू दिली, की पट्टे गडद होतात आणि पाठीवरच्या पिवळ्या खुणा स्पष्ट होतात. बघायला जमणाऱ्या मुलांनी बरणी उघडू नये एवढीच काळजी घ्यावी, कारण शेजारी कोणाची तरी पेरूची बाग असते. आणि बरणीतून माशीऐवजी बारीक कमरेचा, लांब स्पर्शिका असलेला कीटक निघाला, तर त्याचे पंख मोजावेत. ते चार भरले तर तो फोपियस अॅरिसॅनससारखा एखादा परजीवी गांधील आहे: त्याच्या आईने फळातले माशीचे अंडे शोधून त्यात स्वतःचे अंडे घातले होते, आणि वाळूत गेलेला कोष माशीचा असला तरी आतून तो बाहेर पडला.